वेशीतला पहिला बैल

आमच्या थोरल्या मामांइतका घाबरट पाटील उभ्या पाथर्डी तालुक्यात दुसरा झाला नसेल. खरं तर गमवायला त्यांच्याकडे फारसं नव्हतंच. जमीन माळाची, पाऊस बेभरवशाचा. दिवाळी झाली की मामा-मामी ऊसतोडीला जात, माझे आईवडीलही. गावात मामा पाटील. उसाच्या फडात मामा-मामी मिळून 'एक कोयता', कारण मुकादम जोडप्याला त्याच नावाने मोजतो. वतन कायद्याने केव्हाच गेलं होतं. उरला होता एवढाच मान, की पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा.

तो मान जाईल ही भीती मामांनी बैलापेक्षा जास्त पोसली. बैल निघायचे संध्याकाळी, पण मामा तांबडं फुटताच वेशीत हजर. जागा सोडावी लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नसत. बैल शिंकला तरी यांचा चेहरा उतरायचा. "आरं, बसला तर? कुनी पुढं घुसला तर?" मामी म्हणायची, "बैल निवांत हाय, घाम ह्यांनाच फुटलाय."

त्यात मी नगरला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. तिथे इंग्लंडातल्या एका जमीनदार घराण्याची हकिगत वाचली आणि सुट्टीत मामांना सांगितली. राजाने कुणा पूर्वजाला लढाईतल्या कामगिरीबद्दल पदवी दिली. ती बापाकडून थोरल्या मुलाकडे चालत आली. एक वारस घोड्यावरून पडून मेला, तेव्हा धाकट्या भावाकडे गेली. शेवटच्या साहेबाला मुलीच झाल्या. हवेली राहिली, जमीन राहिली, पदवी बुडाली.

मामांचा घास हातातच राहिला. त्यांना एकुलती एक मुलगी, सुमन.

"भाऊबंद न्हवता का त्याला?"

"पुरुष वारस कुणीच उरला नव्हता."

"आन् पोरी गप बसल्या?"

"रीतच तशी होती, मामा."

साहेब सोयरा असल्यासारखं मामांनी सुतक धरलं. पुढे एसटीत, बाजारात, कुठेही भेटले की हळूच विचारत, "भाचेबुवा, त्या पोरींचं पुढं काय झालं?"

मग एका पोळ्याला मामांचा गुडघा धरला. त्यांचे चुलतभाऊ आप्पा आपला बैल सजवून वेशीत येऊन उभे राहिले. सुमनने आमच्या बैलाचा कासरा धरला आणि पुढे झाली. हलगी थांबली. मामा माझ्या खांद्याचा आधार घेऊन डोळे मिटून उभे. बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"ए पोरी, बाजूला सर. मान गड्याचा असतो," आप्पा गरजले.

"आप्पा, मंग शेन बी गड्यानंच काढलं असतं."

कुणीतरी फिसकन हसलं. बैल मात्र तोरणाखाली अडला. हलेना. "कोन पुढं हाय रं?" मामा पुटपुटले. वेशीत पाटलांच्या भावकीतल्या थोरल्या बाईने ज्याच्या पायावर पाणी घातलं, तो मानाचा बैल. तांब्या आप्पांच्या म्हाताऱ्या आईच्या हातात होता. ती लेकाकडे न बघता चालत आली, आमच्या बैलाच्या खुरांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "चल गं बाई, दिवस बुडाला."

हलगी वाजली. मामांनी डोळे उघडले, तेव्हा सुमन वेशीच्या आत होती.

आता मामा ओट्यावरूनच हलगी ऐकतात, पाणीही पितात. सुमन लग्न होऊन बेलापूरला गेली. पोळ्याला ती माहेरी येते आणि मानाचा बैल तीच नेते.