मुद्देमालातली फुली

नाकातली एक फुली आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी कारंजा भागात तपास अधिकारी होतो.

इस्पितळातून सर्जनचा फोन आला. एका विवाहितेच्या चेहऱ्याची हाडं फुटली होती, नाक पार आत दबलं होतं. "नवरा म्हणतो, मोटारसायकलवरून पडली. पण हातापायाला साधं खरचटलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

गेलो तर तिचे दात तारेनं बांधलेले, नवरा उशाशी. गाडीवरून पडलीस का, असं विचारलं की ती आधी त्याच्याकडे पाहायची, मग मान हलवायची. बरी झाल्यावर ती याच माणसाच्या घरी जाणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. त्याला ठाण्यात बसवून विचारपूस केली. पढवल्यासारखं एकच उत्तर: "ढाब्यापाशी गाडी स्लीप झाली, सायब." त्या जागी रक्ताचा डाग नव्हता, पण एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही.

नाकाचा आकार ठरवायला डॉक्टरांनी तिचा जुना फोटो मागवला. सासू लग्नातला फोटो घेऊन आली. पदराची गाठ सोडून तिनं एक फुलीही डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

"नाक झालं का हे घालून देजा जी. सवाशिणीचं नाक उघडं बरं नाई दिसत."

मी शेजारीच होतो. "मावशी, ही कुठं सापडली?"

"चुलीपाशी. झाडतानी."

"तुम्ही ढाब्याकडं गेलता?"

"नाई जी, मी तं घरीच होती."

"मग ढाब्यापाशी पडलेल्या सुनेच्या नाकातली फुली चुलीपाशी कशी?" मी विचारलं.

म्हातारी खालीच बसली. "फुंकणी हाणली त्यानं, लोखंडाची. पोटचा हाय सायब, मी कशी सांगू?"

"पुढच्या वेळी नाक बसवायला चेहराच उरणार नाही," मी म्हणालो. कठोर बोललो, पण खोटं नाही. म्हातारीनं जबाब दिला. घरझडतीत फुंकणी मिळाली, खाचेत रक्त वाळलं होतं.

डॉक्टरांनी तिच्याच बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून नाक उभं केलं. सुनेनं कोर्टात साक्ष दिली, नवऱ्याला शिक्षा झाली. मुद्देमालातली फुली परत मिळाली तेव्हा सासू तिच्यासोबत होती.

माणूस पढवलेलं खोटं सांभाळतो, पण अंगवळणी पडलेली रीत त्याला लपवता येत नाही. त्या दिवसापासून तपासात मी आधी घरच्या रीती विचारत आलो.

कोर्टातून परत मिळालेली ती फुली सासूनं पुढं केली. सुनेनं सासूचीच मूठ मिटवली.

"राहू द्या, आई. हे नाक माह्या बरगडीचं हाय. ते उघडंच राहीन."