‘येते’ म्हणून गेलेली

त्या कादंबरीचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पुण्यात फुटपाथवरच्या ढिगातून मी ती उचलली, तेव्हाच तिचं कव्हर आणि पहिली काही पानं गायब होती. मेतकूट आणि लसणाच्या चटणीच्या मध्ये बसून ती सातासमुद्रापार इथे शुगर लँडला आली आणि मग आम्हा मराठी बायकांत घरोघर फिरत राहिली. एकीचं वाचून झालं की दुसरीकडे, तीही एकटी नाही. कोणाची पिशवी रिकामी परत करायची नाही ही आपली खोड इथे येऊनही सुटलेली नाही, त्यामुळे पुस्तकाबरोबर कधी भाजणी, कधी बेसनाचे लाडू. ज्या पानावर हळदीचं बोट उमटलं होतं, ते कोणी फोडणी देता देता वाचलं हे मला न विचारता कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात ती पिशवी मागच्या गल्लीतल्या काकूंकडे गेली. काकू नागपूरच्या, व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे आलेल्या. मुलगा-सून ऑफिसला, ह्यांना गाडी चालवता येत नाही, आणि बाहेर अशी दमट काहिली की कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं तरी घेरी यावी. थोड्याच दिवसांत पुस्तक परत आलं, सोबत चिवडा. “अक्षरं मधूनच पुसली जातात गं,” त्या म्हणाल्या. डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता आणि त्यावर आता इलाज नव्हता. “शेवटची कादंबरी अर्धीच राहिली म्हणायची.” त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

माझ्या मुलीला सुट्टी होती. इथेच जन्मलेली, रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं शिकलेली. बोलताना ती खुशाल “मी वाचतो, आजी” म्हणते, पण छापलेलं मात्र बोट ठेवून अचूक वाचते. मी तिला पाठवलं, ती कुरकुरत गेली, आणि मग रोजच जायला लागली.

तिला आणायला गेले की मी दारातच थबकायचे. पडदे ओढलेले, एसीची गुणगुण, काकू सोफ्यावर डोळे मिटून पडलेल्या. मुलगी एकेक अक्षर जोडत वाचायची. एक वाक्य संपायला इतका वेळ लागायचा की पुस्तकातली संध्याकाळ आणि खिडकीबाहेरची संध्याकाळ एकच होऊन जायची. आपण नक्की कुठल्या गावात उभ्या आहोत, हे मलाही क्षणभर कळायचं नाही. “सावकाश वाच,” काकू म्हणायच्या, “काय घाई आहे?”

एकदा कादंबरीतली मुलगी आईचं घर सोडून निघाली. उंबऱ्यावर म्हणाली, “येते.”

“वेट,” माझी लेक म्हणाली, “ती तर जाऊन राहिली ना?” हे नागपुरी वळण तिने काकूंकडूनच उचललं होतं.

“निघताना ‘जाते’ म्हणू नये, बाळा. ‘येते’ म्हणायचं.”

“सो शी कम्स बॅक?”

“म्हणाली आहे तर येईलच,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ती कादंबरी आधीच वाचली होती. मी लेकीच्या चपला शोधायला वाकले.

शेवटचं प्रकरण राहिलं आणि काकूंची परत जायची वेळ आली. एवढा प्रवास आता पुन्हा झेपणार नाही, हे त्यांच्या मुलाने मला हळूच सांगितलं होतं. आम्ही निरोप द्यायला गेलो, तेव्हा दारातून निघताना काकूंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. “येते गं,” त्या म्हणाल्या. घरी येईपर्यंत लेक खुशीत होती.

अर्विंगला राहणारी माझी एक मैत्रीण पुस्तकासाठी नंबर लावून बसली होती. लेक ते सोडेना. शेवटचं प्रकरण तिने एकटीने वाचलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. “मॉम, ती येतच नाही. आई दाराला कडी लावते आणि बुक संपतं.”

“अगं, ‘येते’ सगळेच म्हणतात.”

हे मी बोलायला नको होतं. ती पुस्तक घेऊन आपल्या खोलीत निघून गेली.

शनिवारी सकाळी तिने नागपूरला फोन लावला. तिकडे दिवेलागण झालेली. मी चहा उकळत ठेवून ऐकत होते. तिने प्रकरण वाचत आणलं, नेहमीसारखं, अडखळत, अचूक. शेवटच्या पानावर ती थांबली. तिने पुस्तकावरून नजर उचलली.

“मग... दार उघडला,” ती म्हणाली. “आणि ती आला.”

मी गॅस बंद केला. छापलेल्या मराठीत अशी चूक नसते, आणि काकूंचे डोळे गेले असले तरी कान शाबूत होते.

“‘दार उघडलं’ म्हणतात, बाळा,” काकू म्हणाल्या. “आणि ‘ती आली’.”

“दार उघडलं. ती आली.”

“हं. पुन्हा एकदा वाच.”

लेकीने पुस्तक मिटलं आणि पुन्हा वाचलं.