वासाचा भ्रम

नोएडातल्या एका छोट्या कंपनीत मी मोबाइल गेमच्या गोष्टी लिहायचे. तेव्हा काम होतं निन्जांच्या एका काल्पनिक राज्याचं. तिथले निन्जा भ्रम घालून मारत, आणि त्या भ्रमांचे नियम मी ठरवायचे. नजरेचा भ्रम डोळ्याला डोळा भिडला की चढायचा. बासरीचा भ्रम कान झाकले तरी थांबत नसे. स्वतःला जखम करून घेतली तरच तुटायचा. तिसरा वासाचा. तो माणसाच्या आठवणीतूनच उगवायचा, म्हणून दुसऱ्या कुणी हलवून जागं केल्याशिवाय सुटका नाही.

पण वास कसला? टीम लीडनं मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारलं, "अपनी-अपनी सबसे गंदी बदबू बताओ. असली वाली."

कुणी नाला सांगितला, कुणी हॉस्टेलमधले मोजे. मी बाबांचं सांगितलं. शेवटी ते अंथरुणाला खिळले होते, पाठीला जखमा झाल्या होत्या. एकदा त्यांना कुशीवर वळवलं तर जखमेत अळ्या. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. लीडनं मान डोलावत ते लिहून घेतलं. मला वाटलं, त्यांना कळलं.

पुढच्या महिन्यात गेम तपासायला आला. वासाच्या भ्रमात स्क्रीनवर खाट, खाटेवर उघडा म्हातारा. प्रत्येक वाराला तो कुशीवर वळायचा आणि पाठीतून अळ्या सांडायच्या, पचपच आवाज करत. अळ्यांचे पॉइंट होते. तपासणारे खिदळत होते, "पलट, पलट! एक और!"

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, चूळ भरली आणि तशीच लीडकडे गेले.

"वो मेरे बाबा हैं. हटाइए."

"अरे मॅम, नाम थोड़ी दिया है! सबसे तगड़ी पॉवर आपकी ही है, बिल्कुल असली." मग जरा विचार करून, समजूत काढावी तसा म्हणाला, "अच्छा चलो, बूढ़े की जगह बुढ़िया कर देते हैं. ठीक?"

आपण माझं मन राखतोय, असंच त्याला वाटत होतं. मला त्याच्या त्या समजूतदार चेहऱ्याची अळ्यांपेक्षा जास्त किळस आली.

नोकरी सोडते म्हटल्यावर घरी नवरा म्हणाला, "यार, नोकरी कशाला सोडतेस? दुसरं प्रोजेक्ट माग ना."

"त्याच माणसांशेजारी बसून डबा खाऊ?"

मी राजीनामा दिला. गेम बाजारात आला तेव्हा खाटेवर म्हातारी होती. अळ्या वाढवल्या होत्या.