बेंबी नसलेला खांब

मोंबासाकडच्या आम्हा गिर्यामा लोकांच्या मेलेल्यांना थंडी वाजते. गोहू या जाणत्या मानकऱ्यांच्या मंडळातला माणूस गेला की तो घरच्यांच्या स्वप्नात येऊन तसं सांगतो, मग थोया मामा त्याचा कीगांगो कोरतो. पुरुषभर उंचीचा लाकडी खांब, वाटोळं डोकं, सपाट अंग, छातीवर त्रिकोणांची नक्षी, पोटावर बेंबी. एकदा रोवला की तो खांब म्हणजे तो माणूसच. घर दुसरीकडे गेलं तरी खांब उपटायचा नाही.

मामाने त्याच्या थोरल्या भावाचा, म्वारिंगाचा, खांब कोरला तसा दुसरा अख्ख्या किलिफीत नव्हता. हे मामालाही माहीत होतं, आणि तिथेच घात झाला.

मोंबासाचा एक दलाल विकायला खांब मागायचा. दुष्काळाचं साल होतं, मामाने दिले कोरून. "लाकूडच आहे, आत कोण बसलंय?" म्हणायचा. विक्रीच्या खांबाला तो बेंबी कोरत नसे, एवढंच काय ते त्याचं सोवळं. पण एका खांबावर हात आपसूक भावाच्या नक्षीकडे वळला. दलालाने विचारलं, "हे कुठं बघून केलंस?" मामाने मोठ्या ऐटीत अंगणाकडे हनुवटी उडवली. पुढच्या पावसाआधी भावाचा खांब चोरीला गेला. अंगणात खड्डा तेवढा उरला.

बावीस वर्षांनी परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाने खांब परत पाठवला. त्यांच्याकडे आमच्या अंगणाचा जुना फोटो होता, नक्षी तंतोतंत जुळली म्हणे. ट्रक आला, साहेबांची भाषणं झाली, कांबळं काढलं. म्वारिंगाची बायको दामा मामी, डोळ्यांनी अधू, पुढे झाली. बोटांनी त्रिकोण चाचपले आणि खांबाला मिठीच मारली.

"आलात? किती वाळलात हो."

मामाने खांबाच्या पोटावर हात फिरवला. पोट सपाट होतं, बेंबी नव्हती. त्याचा चेहरा मी पाहिला, पण तेव्हा वाटलं, भाऊ भेटला म्हणून गलबलला असेल. गोहूतला बाया नावाचा एकच म्हातारा उरला होता, त्याने बोकड कापला, माडी शिंपडली आणि खांब रोवला.

आठवड्याने मामाने मला खरं सांगितलं: परत आलेला खांब भावाचा नव्हता, त्याने दलालाला विकलेला होता. माझं डोकंच फिरलं.

"तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"तिनं मिठी मारली होती रे. आणि बोललो असतो तर लोकांनी विचारलंच असतं, खऱ्याची वाट चोराला दाखवली कोणी."

"मग आता नवा कोरा. बेंबीसकट."

"कोरीन. पण रोवणार बाया. ज्याचा खांब उभा आहे त्याचा दुसरा रोव म्हणून सांगायचं, तर त्याला सगळं सांगावं लागेल."

मका निघाला की सांगतो, म्हणाला. मी मागे लागलो, तो टाळत राहिला. मका निघायच्या आधीच बाया गेला. आता हा विधी जाणणारं कोणी नाही. तरुण पोरं चर्चला जातात आणि या खांबांना सैतान म्हणतात. मामाने कोरलाच तर ते नुसतं लाकूड होईल, दलालाला दिलेल्यासारखं.

दामा मामी रोज सकाळी खांबाच्या पायाशी माडी ओतते. परवा मामाला म्हणाली, "भावजी, पितात हो ते. दुपारपर्यंत माती कोरडी होते. स्वप्नात यायचे थांबले, बरं वाटत असेल आता."

ते मामाच्या स्वप्नात येतात, रोज. त्याने हाय खाल्लीय, जेवण तुटलंय. मला बघवेना. म्हटलं, "निदान तिला तरी सांगा, मन हलकं होईल तुमचं."

"माझं होईल," मामा म्हणाला. "तिच्याकडे एक लाकूड आहे, तेही जाईल."