ताईचा शेला

सावली गावातल्या आमच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी टसर रेशमाचे कोसे उकळत, आणि त्या उग्र वाफेत मला कायम अर्धी झोप लागलेली असे. माय मांडीला राख चोळून बसायची. सात-आठ ओल्या कोशांची टोकं एकत्र ओढून मांडीवर वळायची, झालेला धागा लाकडी फाळक्यावर गुंडाळायची. फाळका कुरकुरत राही आणि तिचेही डोळे मिटत जात.

ऐंशीनंतरचं एक वर्ष. थोरल्या ताईचं लग्न ठरलं होतं. तिच्या अंगावर घरच्या कोशाचाच शेला पडावा, एवढी एकच हौस मायला होती. पण त्या साली ऐनाच्या झाडांवर कोसे कमी धरले.

मायची मांडी सोलली की मी बसे. ओल्या धाग्याला ओढू नको, आपल्या मनानं येऊ दे, असं ती बजावी. तिचा डोळा लागला की मी ओढायचेच. धागा तुटत नसे. हूं की चूं न करता लांब होई, आणि तसाच ताणून मी तो वाळवी. तेवढ्याच कोशांत माझ्या धाग्याची लड तिच्यापेक्षा लांब भरली. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले मी. विणकरानं उभा धागा सगळा मायचा घेतला, आडवा निम्मा तिचा, निम्मा माझा. शेला पुरला.

लग्नात ताई फार सुंदर दिसली. पहिल्या धुण्यानंतर ती शेला घेऊन माहेरी आली, तेव्हा माझा निम्मा भाग चुण्या पडून आखडला होता. सासरी हसले असतील. तिनं सांगितलं नाही, मीही काही बोलले नाही.

पुढे कॉलेजात शिकले, की रेशमात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात. काही घड्या घालून बसलेल्या. ओल्या असताना ओढल्या की उलगडतात, ताणून वाळवल्या की तशाच अडकतात, आणि पुन्हा पाणी लागलं की आपल्या घडीत परत जातात. भर वर्गात मला ती वाफ आठवली आणि रडू आलं. शनिवारी घरी जाऊन मी मायला सगळं कबूल केलं.

ती फाळका फिरवत राहिली.

"मले तवाच समजलं होतं. लड लांब होती, पन हाताले हलकी लागली."

मग तेव्हाच बोलली का नाहीस, मी विचारलं.

"कोसे पुरत नव्हते ना, बाई. मी जागीच होती. डोये मिटून घेतले."