पापडवाल्यांचा बुरशीवाला जावई

रोह्याच्या एका कंपनीत मी बुरशी पिकवायचो. हसू नका, पगार मिळायचा त्याचा. गडबच्या गिरणीतून भाताचा कोंडा यायचा. तो भिजवायचा, वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि वर बुरशीचं बी टाकायचं. बुरशी कोंड्यावर पोसते आणि एन्झाइम सोडते. ते धुऊन काढलं की कापडाची खळ उतरवायला गिरण्या घेऊन जातात. टाकाऊ कोंड्याचं हे असं सोनं होताना बघून मला भारी अभिमान वाटायचा.

तो अभिमान घेऊनच मी पेणला रामवाडीत मुलगी बघायला गेलो. मुलगी बघताक्षणी आवडली. तिलाही मी बरा वाटलो असणार, कारण माझ्या चहात साखर जरा जास्तच होती. प्रश्न होता तिच्या आईचा. घरात शब्द तिचा चालायचा आणि धंदा पापडांचा होता. सोबत आलेल्या माझ्या मावशीनं मला वाटेतच बजावलं होतं, काम विचारलं तर नुसतं ‘कंपनीत आहे’ म्हण. पण माझ्या जिभेला हाड असेल तर ना!

‘बुरशी पिकवतो’ म्हणालो आणि मावशीनं कपाळाला हात लावला. त्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. पापडावर डाग दिसला तर हळूच ‘पाहुणी आली’ म्हणतात. हे मला कोण सांगणार? आईनं विचारलं, ती खाते काय. मी खुलून सांगितलं, कोंड्याला चिकटलेलं पीठ.

“पीठ खाते?” आई मुलीकडे वळली. “गो, पापड आत ने.”

मला वाटलं, पापडांची ताटली गेली, आता मुलगीही गेली. पण तिनं ताटली उचलली आणि तिथंच थांबून मला विचारलं, कामावरून आल्यावर अंघोळ करता ना? दोनदा, मी म्हणालो. करायचो एकदाच.

आईनं बराच विचार केला.

“पोरगी देते. पण पापडांच्या खोलीत पाय टाकायचा नाय. कधीच नाय.”

मी इतक्या घाईनं ‘व्हय’ म्हणालो की मावशीनं चिमटा काढला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझा साडू त्या खोलीत पापडाचं पीठ कुटून घामाघूम होतो आणि मी ओटीवर बसून कलिंगड खातो. बिचारा माझ्याकडे असा बघतो की मलाच लाज वाटते. फार नाही, थोडी.

आता गंमत अशी, की कंपनीनं मला केव्हाच पॅकिंगला टाकलंय. बुरशीचं तोंडही मी बघत नाही. सासूबाईंना हे ठाऊक नाही, बायकोला ठाऊक आहे. रोज सकाळी ती पांघरुणातूनच हळूच विचारते, “सांगू का आईला?”

म्हणून आमच्या घरात सकाळचा चहा मी करतो. तिच्या कपात साखर जरा जास्तच घालतो.