लाल्याच्या तोंडचं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माहेरी नाही, बहिणीला नाही, जयेशला तर नाहीच. एका व्यक्तीला ते माहीत आहे, पण तिलाही मी सांगितलेलं नाही — ती तिथे होती. आणि सुरुवात करावी लागते ती एका व्हिडिओ गेमपासून. हसा तुम्ही. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मी मसोलीची. लग्न होऊन तलासरीच्या बाजूला, डोंगराकडच्या एका पाड्यात आले. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण सासरी भात, वाल आणि दोन बैल. इंग्रजीचं काय लोणचं घालायचं? जयेश उंबरगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. तिथल्याच एकाकडून त्याने जुनं गेमचं मशीन आणलं आणि माझ्या इंग्रजीला काम मिळालं. घोडे, बंदुका, रुंद टोप्या, दरोडेखोरांची एक टोळी आणि नजर जाईल तिकडे माळ. ती गोष्ट एवढी लांब, की दिवाळीनंतर सुरू केलेली शिमगा आला तरी सरेना. जयेश खेळायचा. पडद्यावर माणसं बोलायला लागली की खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या मी मराठीत सांगायचे. सासूबाई — मी त्यांना आई म्हणते — जमिनीवर बसून वाल सोलता सोलता ऐकायच्या. घोड्याला आधी पाणी दाखव, असं जयेशला बजावायच्या. हा मेला आंघोळ कधी करतो, हे मला विचारायच्या.

माझा नवरा अबोल. लग्नाच्या पहिल्या वर्षात आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं त्या गेमपायी बोललो. टोळीतल्या माणसांना आम्ही आमच्या मनाने नावं दिली होती. नायक तो टोपीवाला. त्याला ज्याने लहानाचा मोठा केला तो म्हातारा. आणि टोपीवाल्याचा जिवाभावाचा दोस्त, गळ्यात लाल फडकं बांधणारा, तो लाल्या. मला लाल्या आवडायचा. थट्टेखोर होता, आणि इतरांसारखी छाती फुगवून चालायचा नाही.

मग जमीन हलायला लागली.

आधी नुसता आवाज यायचा, खाणीत सुरुंग लावल्यासारखा. आम्हाला तो सुरुंगच वाटला. पुढे मांडणीवरची भांडी वाजू लागली, भिंतीला चिरा पडल्या. पायाखालची जमीन सरकणे — शाळेत याचा वाक्यात उपयोग करायला सांगायचे, तेव्हा मी काय काय लिहिलं होतं! खरी सरकते तेव्हा वाक्य सुचत नाही हो. सगळा पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागला. दिवसा आम्ही घरात शिरायचो ते जीव मुठीत धरून, स्वयंपाकापुरते. मी तर भात शिजत टाकून उंबऱ्यात येऊन उभी राहायचे. आई हसायच्या मला. कौलाखाली जन्म काढलेली बाई ती, तिला काय भीती!

आता त्या दुपारचं सांगते. सांगते म्हणते आणि बघा, उठून पाणी पिऊन आले.

जयेश कामावर होता. आई आतल्या भिंतीशी बसून वाल निवडत होत्या. मी टीव्हीपुढे होते. मला गोळ्याबिळ्या झाडता यायच्या नाहीत, पण जयेश नसला की मी नुसता घोडा पळवायचे. तसाच पळवत होते. आणि हादरा आला. याआधीचे सगळे त्याच्यापुढे काहीच नव्हते. घर उचलून आपटावं तसा.

आईंचे गुडघे गेलेले. जमिनीवरून उठायला त्यांना आधार लागायचा. दिवसातून कितीदा तरी त्या हात पुढे करायच्या आणि मी त्यांना ओढून उभं करायचे. त्या दिवशीही त्यांनी हात पुढे केला. ओरडल्या नाहीत. रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "बाय, हात दे."

मी ऐकलं. नीट ऐकलं. हात पाहिला, त्यातली पितळी बांगडीसुद्धा पाहिली. त्यांच्याकडे जायला चार पावलं आत जायला हवं होतं, आणि दार माझ्या पाठीशी होतं.

मी दाराकडे गेले.

अंगणात पोहोचले तेव्हा माझ्या हातात गेमचा रिमोट होता. तो मात्र मी सोडला नव्हता. आणि हे एवढंच असतं तरी मी स्वतःला काहीबाही समजावलं असतं — घाबरलं की माणसाला कुठे भान असतं वगैरे. पण हादरा थांबला होता. घर उभं होतं. मी बाहेर, त्या आत, आणि सगळं शांत. कौलं खाली आली ती त्यानंतर. मधल्या वेळात मी जाऊन त्यांना घेऊन येऊ शकले असते. मला भान होतं. मला समोरचं दार दिसत होतं. मी गेले नाही. रिमोट पेंढ्यात खुपसला, कुणी बघू नये म्हणून. त्याचं भान बरं होतं मला?

मग आतली बाजू खाली आली.

शेजारच्या काकू धावत आल्या, म्हातारी कुठे म्हणून मला गदागदा हलवू लागल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या म्हणाल्या, तू हो पुढे, मी येते." कुठून आलं हे वाक्य? मी आधी जुळवलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण बोलून झाल्यावर मागेही घेतलं नाही. लोकांनी आईंना बाहेर काढेपर्यंत ते वाक्य पाडाभर झालं होतं, आणि जयेश पोहोचला तेव्हा त्याला ते माझ्याआधी काकूंनीच ऐकवलं. तो आईच्या उशाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. स्वतःला सोडून सुनेला आधी बाहेर काढलंस, म्हणाला. आईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. आणि काहीच बोलल्या नाहीत.

मांडीचं हाड मोडलं होतं. आधी कासाच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून पुढे सिल्वासाच्या मोठ्या इस्पितळात. घरी आल्या त्या खाटेवर. जयेशने बाजूला पत्र्याची एक खोली उभी केली, त्यांची खाट तिथे टाकली, आणि त्यांचा वेळ जावा म्हणून टीव्हीही तिथेच आणला. आमची संध्याकाळ पुन्हा सुरू झाली. तो खेळायचा, मी वाचायचे, आई पडून बघायच्या.

तुम्हाला वाटेल, मला जमिनीची भीती वाटत असेल. जमीन अजून हलत होतीच. पण मला भीती आईंच्या तोंडाची. त्या पाणी मागायला तोंड उघडायच्या आणि माझ्या हातातलं काम थांबायचं. आता बोलतील. जेवताना बोलतील, जयेश पाय चेपत असेल तेव्हा बोलतील. त्या कधीच बोलल्या नाहीत, आणि त्याने भीती कमी झाली नाही, वाढली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला गेम संपूच नये असं वाटायचं. तो चालू होता तोवर त्या खोलीत दुसऱ्यांबद्दल बोलणं चालायचं.

पण गोष्ट संपत आली. त्यात नदी ओलांडायचा एक प्रसंग येतो. गोळीबारात दोर लाल्याच्या हातात, दुसऱ्या टोकाला पाण्यात म्हातारा. म्हातारा बुडतो आणि लाल्या बेपत्ता होतो. अशा गोष्टींत कुणीतरी मरणार, कुणीतरी पळणार, हे ठरलेलंच असतं. मला कळत नाही का? पण त्याआधी कधीच मी एवढ्या हळू आवाजात वाचलं नव्हतं.

शेवटी शेवटी टोपीवाल्याला लाल्या सापडतो. बर्फ पडतंय, एका पडक्या गोठ्यात तो बसलाय, फडकं मळलंय. टोपीवाला बंदूक रोखतो आणि लाल्या बोलायला लागतो. आता खेळणाऱ्यानेच ठरवायचं असतं, मारायचं की सोडायचं. जयेश हात रोखून माझ्याकडे वळला. काय म्हणतो तो?

खाली ओळी सरकत होत्या. तो म्हणत होता — मी घाबरलो. दोर मीच सोडला. मला कुणी सोड म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही. तुला काय करायचं ते कर.

एवढंच तर वाचायचं होतं. खाटेवर आई जाग्या होत्या.

"म्हणतो, म्हाताऱ्यानेच मला सांगितलं. दोर सोड आणि तू हो पुढे, म्हणाला." हे मी वाचलं. हेच मी वाचलं.

जयेशने पडद्यावरच्या त्या तोंडाकडे निरखून बघितलं. "खोटं बोलतो साला," म्हणाला, आणि गोळी घातली.

त्यानंतरचा शेवट त्याला मुळीच पटला नाही. टोपीवाला बंदूक नदीत टाकतो, म्हाताऱ्याच्या कबरीपाशी बसून राहतो, उठतच नाही. एवढ्या दिवसांची गोष्ट आणि असा शेवट, म्हणून जयेश चिडला. खोटारड्याला मारल्यावर हा रडतो कशाला? मी स्वयंपाकाला गेले.

काही दिवसांनी तो कामावरून आला तो जरा वेगळाच. त्याच्यासोबतच्या संतोषनेही तो गेम पुरा केला होता. तो म्हणत होता, याच्याइतका भारी शेवट त्याने पाहिला नाही. दोघांची चहाच्या टपरीवर जुंपली, आणि त्यातून निघालं की लाल्याने सगळं कबूल केलं होतं. संतोषने त्याला सोडलं होतं, म्हणून त्याचा शेवट वेगळा झाला. जयेशने मला विचारलं, रागाने नाही, नुसतं नवल वाटून. मी म्हटलं, ओळी भराभर जातात, चुकलं असेल. झालं. पुन्हा एक खोटं.

तेवढ्यात खाटेवरून आई बोलल्या. "खरं बोलला असता, तं सोडला असता काय तू त्याला?"

"सोडला असता ना आये," जयेश म्हणाला. "पळाला तो पळाला. घाबरतो माणूस. पण खोटं कशाला बोलायचं?"

आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती. ते मला तेव्हाही कळलं होतं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं, मुलाकडून शब्द घेऊन ठेवला होता. मी फक्त बोलायचं होतं. जयेश समोर होता. मी तोंड उघडलंही.

"चहा ठेवू का?" मी विचारलं.

जयेशने आधीची खेळी मशीनमध्ये राखून ठेवलेली होती. त्याच संध्याकाळी त्याने ती पुन्हा लावली. बर्फ, गोठा, लाल्या. आता नीट वाच, म्हणाला. मी वाचलं. एकेक शब्द वाचला. मी घाबरले, असं एकदा निघून गेलं आणि मी सुधारलं — घाबरलो. दोर मीच सोडला. मला कुणी सोड म्हटलं नव्हतं. माझा आवाज कापत होता. जयेशला वाटलं, गोष्टीमुळे. त्याने बंदूक खाली घेतली. लाल्या बर्फातून चालत लांब गेला, दिसेनासा झाला.

जयेश खुश झाला. हा शेवट बरोबर आहे म्हणाला. आवडला ना, त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

आईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी काय केलं ते त्यांना समजलं होतं. जे मी त्यांच्या मुलाला सांगायचं होतं ते लाल्याच्या तोंडून म्हणून टाकलं होतं, आणि माफीही त्यालाच मिळू दिली होती. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे तसं बघणं सोडलं. आता त्या काठी टेकत अंगणापर्यंत जातात, माझ्याशी नीट बोलतात, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतात. माझी भीती मात्र गेली नाही.

घरी पाहुणे आले की जयेश ती दुपार सांगतो. अबोल माणूस, पण हे तो सांगतो. जमीन कशी हलली, आणि आयेने बायकोला कसं म्हटलं, तू हो पुढे, मी येते. बायका डोळे पुसतात. आईंच्या पाया पडतात. आई खाली बघत बसून राहतात, नाही म्हणत नाहीत. मी तिथेच असते, कप गोळा करत. गोष्ट सांगताना जयेश एकदा तरी माझ्याकडे बघतो, आणि मी मान हलवते.